हापूसच्या वेबसाइटसाठी डोमेन: नाव कोणतं, आणि नावावर कुणाच्या?

तुमचा प्रश्न मला कळला तसा परत मांडते. देवगड तालुक्यात तुमची कलमांची बाग आहे. आजवर पेट्या वाशीला दलालाकडे जात होत्या, पुढच्या हंगामापासून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट विकायचं ठरवलंय. वेबसाइटच्या पत्त्यासाठी, म्हणजे डोमेनसाठी, ‘देवगड’, ‘हापूस’ आणि आडनाव जोडून केलेलं नाव डॉट कॉममध्ये आधीच कुणीतरी घेऊन ठेवलंय आणि तो लाख रुपये मागतोय. डॉट इनमध्ये तेच नाव मोकळं आहे. एका नातेवाइकाने डॉट भारत सुचवलंय. आणि वेबसाइट बनवणारा मुलगा म्हणतो, “डोमेनचं टेन्शन घेऊ नका, पॅकेजमध्ये फ्री आहे.” यातलं काय घ्यावं, आणि किती वर्षांसाठी?

कोकणातल्या आणि कोल्हापूरकडच्या लहान धंद्यांच्या वेबसाइटी करून देणं हेच माझं काम, त्यामुळे यातलं काहीच मला नवीन नाही. तुम्ही नाव आणि त्यामागचं शेपूट, म्हणजे डॉट कॉम की डॉट इन, यांवर सगळा जोर दिलाय. ‘फ्री’वाली ओळ मात्र शेवटी सहज लिहून गेलात. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. नाव जरा डावं-उजवं झालं तरी आंबा चांगला असेल तर धंदा चालतो. डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल तर उत्तम नाव असूनही एके दिवशी हात चोळत बसायची वेळ येते.

डोमेन कायमचं विकत मिळतच नाही. ते मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. तुमच्याकडे बाग कराराने घेतात तसंच हे. करारावर ज्याचं नाव, त्याच्याशीच मालक बोलणार. खत कुणी घातलं, फवारणी कुणी केली, हे तो विचारत नाही. डोमेनच्या दुनियेत वरून खाली अशी साखळी आहे: जगभरच्या नियमांसाठी १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था, तिच्याखाली एकेका शेपटाची नोंदवही सांभाळणारे, म्हणजे डॉट कॉमसाठी व्हेरिसाइन आणि डॉट इनसाठी आपली निक्सी, त्यांच्याखाली नावं विकणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्या, त्यांच्याखाली रिसेलर म्हणजे त्यांचे छोटे विक्रेते, आणि बऱ्याचदा सगळ्यात खाली तुमचा वेबसाइटवाला. ‘फ्री’ डोमेन म्हणजे तो स्वतःच्या खात्यातून हजारभर रुपये भरून ते घेतो आणि पॅकेजच्या किमतीत ते पैसे मिळवतो. पैशाचा मुद्दा किरकोळ आहे. नोंद कुणाच्या नावाने होते, हे मोठं आहे.

मालवणकडच्या एका होमस्टेचं उदाहरण सांगते. त्यांचं डोमेन असंच ‘पॅकेजमध्ये’ आलं होतं. नोंदणीच्या फॉर्मवर ‘ऑर्गनायझेशन’ असा एक रकाना असतो, त्यात वेबसाइटवाल्याने सवयीने स्वतःच्या फर्मचं नाव टाकलं होतं. तो रकाना भरला की ती संस्थाच डोमेनची धारक मानली जाते, हे त्या घरच्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. पुढे तो परदेशी नोकरीला गेला, कार्ड बदललं, रिन्यूअल फसलं आणि ऐन डिसेंबरात, खोल्या भरायच्या दिवसांत, साइट बंद. रजिस्ट्रारला फोन केला तर ते म्हणाले, धारकाकडून लेखी आणा. हातात व्हॉट्सॲपच्या गप्पांशिवाय कागद नाही. माणूस सापडला, सज्जनही निघाला, डोमेन परत मिळालं, पण तोवर नाताळ उरकला होता. त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. असे बहुतेक घोळ लबाडीमुळे होतच नाहीत, ढिलाईमुळे होतात.

म्हणून त्या मुलाला सरळ सांगा: “डोमेन मी घेतो, तुला डीएनएसचा ॲक्सेस देतो.” डीएनएस म्हणजे तुमचं नाव कोणत्या साइटकडे न्यायचं ते ठरवणाऱ्या नोंदी. चांगला कामवाला याला हरकत घेत नाही, उलट त्याची पुढची कटकट वाचते. त्याने आधीच घेऊन ठेवलं असेल तर त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडून त्यात वळवून घ्या. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, लागतो, त्यालाच काही जण ईपीपी कोड म्हणतात. डॉट कॉमसारख्या शेपटांना नोंदणीनंतर पहिले ६० दिवस असं हलवता येत नाही, हे लक्षात ठेवा. तेवढ्यासाठी भांडू नका, त्या काळात तो खरंच काही करू शकत नाही.

खातं उघडताना कोणता ईमेल द्यायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. जो डोमेन घेताय त्याच डोमेनवरचा ईमेल तिथे कधीही देऊ नका. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा ईमेलही बंद पडतो. मग रिन्यूअलची सूचना, पासवर्ड बदलायची लिंक, ओटीपी, सगळं त्या बंद पेटीत जातं. साधा जीमेल द्या, जो घरातली दोन माणसं उघडू शकतील. मोबाइल नंबरही घरचा, पुतण्या कॉलेजला गेल्यावर बदलेल असा नको. डॉट कॉम घेतलं तर नोंदणीनंतर ईमेल पडताळणीची एक लिंक येते. पंधरा दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन थांबवलं जातं. नवी साइट दोन आठवड्यांत अचानक बंद पडली असा फोन आला की मी सगळ्यात आधी तेच विचारते.

नोंद कुणाच्या नावाने करावी, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे आणि ते मी इथून सांगू शकत नाही. बाग वडिलांच्या नावावर, विक्री तुम्ही बघणार, सातबारा चुलत्यांसोबत सामाईक, असं असेल तर आधी घरात बोला. फर्म काढली असेल, जीएसटी किंवा बँक खातं त्या नावाने असेल, तर डोमेनही फर्मच्याच नावाने घ्या आणि बिलही त्याच नावाने मागा. फर्म नसेल तर जो माणूस पुढची दहा वर्षं हे सांभाळणार आहे त्याच्या नावाने. डॉट इनसाठी ओळखीचा पुरावा मागतात, तेव्हा नाव कागदपत्रांवर आहे तसंच लिहा, घरात हाक मारतात ते नको.

आता नावाकडे येऊ. माझी पहिली कसोटी फोनची. तुमचा पुण्याचा गिऱ्हाईक बहिणीला फोनवर म्हणणार, “अगं, यांच्याकडून मागव.” बहिणीने ऐकून टाइप केलेलं नाव तुमच्याच साइटवर पोचलं पाहिजे. मराठी नावं रोमन अक्षरांत लिहिताना इथेच गाडी अडते. ‘देवगड’ कुणी शेवटी नुसता डी घालून लिहितं, कुणी हिंदी वळणाने आर आणि एच घुसवतं, जुन्या कागदांवर तर व्हीच्या जागी ओ असलेलं ‘देओगड’ही सापडतं. ‘हापूस’मध्ये पहिला ए एक की दोन, पुढे यू की डबल ओ? आडनावाऐवजी ‘बाग’ जोडायचं म्हटलंत आणि ते एकच ए घालून लिहिलंत तर इंग्रजी वाचणाऱ्याला ती पिशवी वाटणार. म्हणजे तीन शब्दांच्या नावात चुकायच्या किमान चार जागा. आडनावात ‘ळ’ किंवा ‘ज्ञ’ असेल तर आणखी भर.

यावर उपाय दोन. एक म्हणजे असं नाव शोधायचं ज्याला रोमनमध्ये लिहायची एकच वाट आहे: छोटं, दोन-तीन अवयवांचं, जोडाक्षर नसलेलं. कोकणात प्रत्येक वाडीला, घराला, बागेच्या तुकड्यालाही नाव असतं. त्या यादीत बहुधा असं एखादं सापडतं आणि ते दुसऱ्या कुणाचं नसतं. दुसरा उपाय, नाव आवडतंच असेल तर त्याची सगळ्यात जास्त होणारी एक चुकीची स्पेलिंगही घेऊन मूळ नावाकडे वळवायची. एकच, फार तर दोन. सगळ्या चुका विकत घेत बसलात तर आंब्यापेक्षा डोमेनच जास्त होतील.

स्पेलिंग ठरवायला कागद घेऊन घरी बसू नका. पाच ओळखीच्यांना फोन करा, नाव एकदाच सांगा आणि “टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवा” म्हणा. जे येईल ते पाहून निम्मी नावं आपोआप गळतात. आडवी रेघ आणि आकडे टाळा, ते फोनवर सांगताच येत नाहीत. दोन शब्द जोडताना एकच अक्षर शेजारी-शेजारी येतंय का तेही पाहा, ‘देवगड’नंतर ‘डायरेक्ट’ आला की दोन डी की एक, असा घोळ होतो.

दुसरी कसोटी वेगळेपणाची, आणि इथे तुमच्या पहिल्या पसंतीबद्दल मला शंका आहे. ‘देवगड’ आणि ‘हापूस’ हे दोन्ही शब्द तुमचे एकट्याचे नाहीत आणि कधी होणारही नाहीत. गावाचं नाव आणि मालाचं नाव यांवर ट्रेडमार्कचा हक्क सहसा मिळत नाही. त्यात हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात, आणि मानांकनाचं नाव हक्काने वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती केली नसेल तर डोमेनच्या आधी ते काम करा, गिऱ्हाइकाला नावापेक्षा त्याने जास्त भरवसा वाटेल. गूगलवर शोधलं की अशी नावं वर येतील असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर निव्वळ डोमेनमध्ये शब्द असल्याने आता फारसं काही होत नाही. उलट हंगामात ‘देवगड’ आणि ‘हापूस’ जोडलेल्या साइटींची एवढी गर्दी होते की गिऱ्हाइकाला मागच्या वर्षी कुणाकडून मागवलं होतं तेच आठवत नाही. आंबा तुमचा गोड लागला आणि दुसऱ्या वर्षीची ऑर्डर शेजाऱ्याला गेली, तर काय उपयोग?

शिवाय पुढे कोकम, काजू, आंबापोळी विकायचा विचार आहे का? असेल तर ‘हापूस’ नावातच अडकवून ठेवू नका. घराचं किंवा वाडीचं नाव सगळ्या मालाला चालतं.

घ्यायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध घ्या. तो फुकट आहे. ताज्या फळांचा वर्ग ३१, पल्प आणि जॅमसारख्या प्रक्रिया केलेल्या फळांचा २९, सरबतांचा ३२. उच्चाराने जुळणारी नावंही पाहा, कारण वाद उच्चारावरूनच होतात. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’ नावाचं डोमेन घेणाऱ्याविरुद्ध मनाई मिळवली होती. फरक एका अक्षराचा. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनच्या नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं हे मान्य केलं. हे दोन्ही बाजूंनी लागू होतं: डोमेन रिकामं आहे म्हणून ते नाव वापरायचा हक्क मिळाला असं होत नाही, आणि तुमचं नाव रुळलं की तुम्हालाही इतरांना अडवता येतं. नाव वेगळं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज जरूर करा. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. पेट्यांवर छपाई करण्याआधी करा. एकदा खोक्यांवर नाव छापलं की बदलणं महाग पडतं.

डॉट कॉम की डॉट इन? तुमचा माल भारतात विकला जाणार, पैसे यूपीआयने येणार, दुबई-लंडनची मंडळीही इथल्या आईवडिलांच्या पत्त्यावरच पेटी पाठवणार. तुमच्यासाठी डॉट इन पूर्ण पुरेसं आहे. २००५ पासून ते सगळ्यांना खुलं आहे, आणि रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितल्यापासून तर लोकांच्या डोळ्यांना ते आणखी सवयीचं झालंय. एक अट मात्र आहे: त्याच नावाच्या डॉट कॉमवर दुसरा आंबेवाला बसलेला नसावा. लोक सवयीने डॉट कॉम टाइप करतात आणि तुमची जाहिरात त्याला गिऱ्हाईक देते. तुमच्या बाबतीत तिथे नुसतंच ‘विकणे आहे’चं पान आहे, पण उद्या ते कुणीही घेऊ शकतं. म्हणून मी असं नाव शोधेन की ज्याचं डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही मोकळं आहे आणि दोन्ही घेईन. वर सांगितलेल्या वाडीच्या नावांत ते सहज मिळतं. लाख रुपये देऊ नका. तेवढ्यात छापील पेट्या, ट्रेडमार्क आणि पहिल्या हंगामाची जाहिरात होऊन काही उरेल.

जे नाव घ्याल त्याचा इतिहास वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटींची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर, जरूर पाहा. रिकामं दिसणारं डोमेन पूर्वी कुणी जुगाराच्या साइटसाठी वापरून सोडून दिलेलं असू शकतं, आणि मग तुमचे ईमेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात.

डॉट स्टोअर, डॉट शॉप वगैरे पहिल्या वर्षी स्वस्त दिसतात, रिन्यूअलला कित्येक पट मागतात. शिवाय फोनवर “डॉट शॉप” सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, “शॉप डॉट कॉम ना?” तुम्हाला नको.

डॉट भारत २०१४ पासून आहे आणि देवनागरीत मराठी नाव लिहिता येतं, हे मला मनापासून आवडतं. पण मुख्य पत्ता म्हणून आज मी ते देणार नाही. बऱ्याच फॉर्मना देवनागरी ईमेल पत्ता अजून पचत नाही, आणि आतून हे नाव एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या रांगेत बदलतं. काही ॲपमध्ये लिंक पाठवली की तीच रांग दिसते आणि गिऱ्हाइकाला ती फसवणूक वाटते. शिवाय शुद्धलेखनाचा प्रश्न सुटत नाहीच, ‘हापूस’ ऱ्हस्व लिहिणारे निम्मे महाराष्ट्रभर आहेत. बजेट असेल तर घ्या, मुख्य साइटकडे वळवा आणि पेटीवर मराठीत छापा. तिथे ते छान दिसेल.

रजिस्ट्रार कोणता, हे मी नाव घेऊन सांगत नाही. निक्सीच्या किंवा आयकॅनच्या यादीतला असावा, भारतीय पत्त्यावर जीएसटीचं बिल द्यावं, दोन टप्प्यांचं लॉगिन असावं आणि ऑथ कोड मागितल्यावर कुरकुर न करता द्यावा. गूगलनेही २०२३ मध्ये डोमेनचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकून टाकला. तेव्हा कंपनी किती मोठी यापेक्षा तिथून बाहेर पडता येतं का, हे पाहा. घेताना पहिल्या वर्षाचा दर पाहू नका, रिन्यूअलचा पाहा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. पैसे भरायच्या पानावर होस्टिंग, ईमेल, ‘साइट सिक्युरिटी’ असं बरंच आधीच टिक केलेलं असतं. ते काढा, नेमकं काय लागतं ते वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला विचारून नंतर घ्या.

डोमेन घेतल्यावर फोन आणि मेल सुरू होतील. “तुमच्या नावाचं डॉट एशिया चीनमधली कंपनी घेतेय, लगेच कळवा” हा मेल फार जुना आहे आणि खोटा आहे. बिलासारखी दिसणारी ‘एसईओ नोंदणीची अंतिम सूचना’ही तशीच. तुमच्या रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून जे दिसेल तेवढंच खरं.

शेवटचा प्रश्न, किती वर्षांसाठी. माझं मत तीन वर्षं, सोबत ऑटो-रिन्यू चालू. दहा वर्षांचे पैसे एकदम भरायला हरकत नाही, पण दहा वर्षांनी पासवर्ड कुणाला आठवणार, ही खरी भीती आहे. आणि ऑटो-रिन्यूवर डोळे मिटून विसंबू नका, कारण कार्डाची मुदत संपते, बँक पुन्हा ओटीपी मागते, व्यवहार फसतो. मोठ्यांचंही होतं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉमचे (हॉटमेलचं लॉगिन त्यावरून चालायचं) पैसे भरायचे राहिले आणि लोकांना हॉटमेल उघडेना. शेवटी एका बाहेरच्या प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवसांची, जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर ३० दिवस मोठा दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांत नाव सुटतं आणि कुणीही उचलतं. ही सवलत कागदावर असते. साइट आणि ईमेल मात्र त्याआधीच बंद पडलेले असतात.

तुमच्या धंद्यात यात एक खास मेख आहे. बहुतेक आंबेवाले डोमेन फेब्रुवारी-मार्चमध्ये, आंबा हाताशी आल्यावर घाईघाईने घेतात, आणि मग दरवर्षी त्याची मुदत बरोबर त्याच महिन्यात संपते, जेव्हा घरात कुणाला जेवायलाही फुरसत नसते. तुम्ही अजून घेतलेलं नाही, तर मोहोर यायच्या आत घेऊन टाका. आणि लवकर रिन्यू केल्याने दिवस वाया जात नाहीत, नवं वर्ष जुन्या मुदतीला पुढे जोडलं जातं. तेव्हा दर जुलैत, पाऊस लागून बागेची कामं थंडावली की एकदा लॉगिन करा, एक वर्ष पुढे ढकला, ईमेल आणि मोबाइल नंबर चालू आहे का ते पाहा आणि बिलाची प्रत फर्मच्या फायलीत लावा.